‘बाहेरचं आहे’ म्हणणाऱ्या घराला काय सांगावे?

मानसिक आजार आणि त्याविषयीच्या घरातील समजुती यांबाबत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे व गावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे सासर सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. धाकटा दीर चोवीस वर्षांचा असून आयटीआय करून कारखान्यात कामाला लागला होता. गेल्या दिवाळीपासून त्याने कामावर जाणे सोडले. तो रात्रभर जागा राहतो, एकटाच पुटपुटतो, गल्लीतली माणसे आपल्याविरुद्ध कट करत आहेत असे म्हणतो आणि वारलेले आजोबा आपल्याशी बोलतात असे सांगतो. सासूबाईंच्या मते हे ‘बाहेरचं’ आहे. जमिनीच्या वादातून भावकीतल्या कोणीतरी करणी केली आहे. देवऋषी झाला, उतारे झाले, आता सात गुरुवार त्याला एका दत्तस्थानी नेऊन ठेवायचे ठरले आहे. माझ्या पतींनी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले होते. गोळ्या सुरूही झाल्या. पण गोळ्यांनी तो नुसता झोपून राहतो आणि सेवा चालू असताना औषध चालत नाही, असे म्हणून सासूबाईंनी त्या पंधरा दिवसांत बंद केल्या. मी एम.ए. झाले आहे. ही अंधश्रद्धा आहे असे मी तोंडावर बोलले, तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : ताई, आधी गोळ्यांविषयी लिहितो, कारण तिथे वेळ घालवून चालणार नाही. आपण लिहिलेली लक्षणे गंभीर मानसिक आजाराची असू शकतात. त्याचे नेमके निदान त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करायचे आहे. या आजारांवरील औषधांची अडचण अशी की गुंगी पहिल्या दिवसापासून येते, पण संशय आणि आवाज कमी व्हायला काही आठवडे जातात. त्यामुळे घराला आधी तोटा दिसतो आणि फायदा दिसण्याआधीच औषध बंद होते. सासूबाईंनी जे पाहिले ते खरेच आहे. तेच त्यांच्या शब्दांत डॉक्टरांना सांगावे. गोळीची वेळ रात्रीची करणे, मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हे सर्व शक्य असते. पहिल्यांदा उद्भवलेल्या अशा आजारात उपचाराला जितका उशीर होतो तितके सावरणे अवघड जाते, म्हणून सात गुरुवार संपण्याची वाट पाहू नका. त्याने खाणेपिणे सोडले, मरणाची भाषा केली किंवा आवाज त्याला स्वतःला वा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

आता सासूबाईंविषयी. ‘करणी’ हा शब्द त्या का धरून बसल्या आहेत, याचा थोडा विचार करू. करणी म्हटली की दोष बाहेरच्याचा ठरतो. मुलगा निर्दोष राहतो, त्याची आई निर्दोष राहते, आणि जे बाहेरून आले ते निघूनही जाऊ शकते ही आशा राहते. ‘वेड लागले’ किंवा ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हटले की तेच घर आरोपी होते. रक्तात काही आहे का, आईने लाड केले का, याची चर्चा गावभर सुरू होते आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर तिचे स्थळ मोडते. या दोन शब्दांतून आईने पहिला निवडला, यात मला अडाणीपणा दिसत नाही. आपल्या मुलाला गावात तोंड दाखवता यावे, एवढेच तिला हवे आहे. आपण ‘अंधश्रद्धा’ म्हणालात, तेव्हा त्यांच्या कानावर पडले ते बहुधा ‘तुमचा मुलगा वेडा आहे’ हेच.

ही विभागणी आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत उन्मादाचे, म्हणजे वेडाचे, वात-पित्त-कफ या दोषांमुळे होणारे प्रकार सांगितले आहेत आणि त्यांच्या जोडीला ‘आगंतु’, म्हणजे बाहेरून आलेला, उन्मादही सांगितला आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग तर भूतविद्या हेच आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की आगंतु उन्मादावरही मंत्र, बली यांच्याबरोबर औषधी तूप सांगितलेले आहे. देवाचे चालू असताना औषध चालत नाही हा नियम निदान त्या परंपरेचा तरी नाही, आणि हे सासूबाईंना सांगण्याजोगे आहे.

देवस्थानात नेमके काय घडते, याचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी फलटण येथील महानुभाव मंदिरात राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ मध्ये तो प्रसिद्ध केला. आजारी मुलाला किंवा नवऱ्याला घेऊन आलेल्या बायका तिथे महिनोन्महिने राहत आणि अनेकदा अंगात त्या बायकांच्याच येई. घरावरची पीडा आपल्या अंगावर घेतली की मुलगा मोकळा होईल, अशी त्यामागची भावना होती. आजारी पुरुष बाजूला शांत बसलेला आणि आई घुमते आहे, हे दृश्य मला अतिशय अस्वस्थ करते. आजार एकाला झाला, आणि त्याचे ओझे कोणी उचलायचे हे मात्र त्या समाजाने आधीच ठरवून ठेवलेले होते. तुमच्या घरातही झोप कोणाची उडाली आहे, ते पाहा.

देवस्थानात काहीच बरे होत नाही, असेही म्हणता येत नाही. तमिळनाडूतील एका मंदिरात राहायला आलेल्या ३१ गंभीर रुग्णांची बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील डॉक्टरांनी आल्यावेळी आणि जाण्यावेळी तपासणी केली. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात, कोणतेही औषध न घेता, लक्षणांची तीव्रता जवळपास २० टक्क्यांनी उतरलेली आढळली. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले वातावरण सुरक्षित आणि आधार देणारे होते. सोबत घरचे माणूस होते, दिवसाला ठरावीक कामे होती आणि कोणी हिणवत नव्हते. रुग्ण थोडेच होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून या अभ्यासावरून गोळ्या सोडण्याचा निष्कर्ष कोणी काढू नये. पण सुरक्षित जागा, माणसाची सोबत आणि ठरलेली दिनचर्या यांचा गंभीर आजारातही उपयोग होतो, एवढे त्यातून दिसते.

त्याच तमिळनाडूत, रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे, ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाच्या शेडला आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. ते साखळ्यांनी बांधलेले होते, म्हणून त्यांना पळता आले नाही. देवस्थान किंवा दर्गा म्हटले की या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी आठवतात.

म्हणून सासूबाईंशी देव आहे की नाही यावर बोलू नका. तिथे काय केले जाणार आहे, यावर बोला. सेवा, आरती, पारायण, अंगारा यांना हरकत नाही. बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, उपाशी ठेवणे आणि औषध बंद करणे या पाच गोष्टींना मात्र ठाम नकार द्यावा. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी अनेक वर्षे झगडा दिला आणि त्यांच्या खुनानंतर तो अस्तित्वात आला. त्या कायद्याने पूजाअर्चेला, वारीला किंवा भजन-कीर्तनाला हात लावलेला नाही, हे सासूबाईंना आवर्जून सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात तर मुजावरच आलेल्या माणसाला आवारातील मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. तिथे या जोडीला ‘दवा आणि दुवा’ म्हणतात. तुमच्या दत्तस्थानातील पुजाऱ्यांना गाठून त्यांच्याच तोंडून ‘गोळी बंद करू नका’ एवढे वदवून घेता आले, तर तुमच्या शंभर शब्दांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

बोलायला सुरुवात कशी करावी? हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी डॉक्टरांसाठी काही साधे प्रश्न सुचवले आहेत. ते घरातही चालतात. हे काय झाले आहे असे तुम्हाला वाटते? ते तेव्हाच का सुरू झाले? पुढे काय होईल अशी भीती वाटते? बरे झाले म्हणजे नेमके काय व्हावे? सासूबाईंना हे प्रश्न विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. मला वाटते, शेवटच्या प्रश्नाला त्या ‘पुन्हा कामावर जावा, रात्री झोपावा, माझ्याशी धड बोलावा’ असे म्हणतील. डॉक्टरांनाही तेच हवे आहे.

आजोबांच्या आवाजाबद्दलही दोन शब्द. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ, घानातील आक्रा आणि आपले चेन्नई येथील प्रत्येकी २० रुग्णांना ते ऐकत असलेल्या आवाजांविषयी विचारले. अमेरिकेतील रुग्णांनी प्रामुख्याने हिंसक, परके, डोक्यात घुसखोरी करणारे आवाज सांगितले. चेन्नईत निम्म्याहून अधिक जणांना नात्यातली माणसे ऐकू येत. आणि ती ‘ऊठ, आंघोळ कर, स्वयंपाक कर’ असे घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे सांगत किंवा रागावत. म्हणजे आजार एक असला तरी तो बोलतो त्या घराच्या भाषेत. तुमचा दीर आजोबांविषयी सांगेल तेव्हा ‘असे काही नसते’ म्हणून त्याला गप्प करू नका, आणि ‘हो, आजोबाच आहेत’ असेही म्हणू नका. ते काय म्हणतात, त्याने तुला भीती वाटते का, असे विचारा. उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवा.

एक राहिले. कोणीतरी लवकरच ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ असा सल्ला देईल. तो कृपया ऐकू नका. लग्नाने हा आजार बरा होत नाही आणि आजार लपवून लग्न लावले तर एका मुलीचे आयुष्य पणाला लागते.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षक आहे. आई ५८ वर्षांची. वडील गेल्यापासून दोन वर्षे तिचे अंग दुखते, तळपाय जळतात, जीव घाबराघुबरा होतो, डोक्यात मुंग्या आल्यासारखे वाटते. सर्व तपासण्या झाल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. शेवटी एका डॉक्टरांनी ‘डिप्रेशन’ असे लिहिले. आईने ते वाचून घेतले आणि ‘मला वेडी ठरवलं’ म्हणून दोन दिवस जेवली नाही. तिला खरोखर शरीराचा त्रास आहे की मनाचा?

उत्तर : त्रास खरा आहे, आणि तो तिच्या शरीरातच होतो आहे. उदासीनतेच्या आजारात दुखणे, जळजळ, थकवा, छातीतील धडधड या तक्रारी सर्वत्र आढळतात. त्यांपैकी कोणती डॉक्टरांपुढे आधी मांडायची, हे मात्र माणूस आपल्या समाजाकडून शिकतो. आपल्याकडे बाईने ‘मला उदास वाटते’ म्हटले तर ‘तुला काय कमी आहे?’ हे उत्तर ठरलेले असते. ‘पाय जळतात’ म्हटले तर कोणीतरी तेल आणून देते. आपल्या आईंनी, नकळत का होईना, ऐकली जाणारी भाषा निवडली.

शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार करणाऱ्या स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. त्या तक्रारीचा जंतुसंसर्गापेक्षा मनावरील ताणाशी आणि घरातील परिस्थितीशी अधिक जवळचा संबंध आढळला. अशा कित्येक स्त्रिया मात्र जंतूंवरची औषधेच घेत राहतात. चीनच्या हुनान प्रांतात १९८० च्या सुमारास ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असे निदान झालेल्या १०० रुग्णांना वर उल्लेख केलेल्या क्लाइनमन यांनी तपासले, तेव्हा त्यांतील ८७ जणांना अमेरिकी निकषांनुसार तीव्र नैराश्य होते. सांस्कृतिक क्रांतीच्या होरपळीतून आलेल्या त्या माणसांना दुःख उघड बोलणे धोक्याचे होते. अशक्तपणा बोलता येत होता. झिंबाब्वेच्या शोना भाषेत याच अवस्थेला ‘कुफुंगीसिसा’ म्हणतात, म्हणजे ‘फार विचार करणे’. तिथल्या डॉक्टरांनी तोच शब्द स्वीकारला, दवाखान्याच्या आवारात बाक ठेवले आणि प्रशिक्षण दिलेल्या आज्या त्या बाकांवर बसून लोकांचे ऐकू लागल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचा चांगला गुण दिसून आला. आपल्या भाषेतही असे शब्द पुष्कळ आहेत. जिवाला घोर लागणे, मनाला लावून घेणे, कशात जीव न रमणे, आतल्या आत झुरणे. यांतला कोणताही शब्द ऐकून कोणी जेवण टाकत नाही.

तेव्हा ‘डिप्रेशन’ हा शब्द सध्या बाजूला ठेवा. ‘बाबा गेल्यापासून तू मनाला लावून घेतलंस, त्याने झोप गेली आणि अंग दुखायला लागलं; या गोळीने दोन्ही सुधारतं,’ असे आईला सांगितले तर त्यात काही खोटे नाही. थायरॉइड, रक्तातील हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर यांच्या तपासण्या त्या रिपोर्टांत होत्या की नाही, तेवढे पाहून घ्या. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील आणि बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नये. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांकडून, रुग्णांच्या बोलीत समुपदेशन करून घेतले. त्याने रुग्ण लवकर बरे होतात, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. म्हणून मोठ्या शहरातील नामांकित तज्ज्ञच हवा असे नाही; आईची भाषा समजणारे माणूस जवळपास मिळाले तर उत्तम. आणि सर, रोज शाळेतून आल्यावर पंधरा मिनिटे तिच्याजवळ बसून वडिलांविषयी बोला. बहुतेक घरांत गेलेल्या माणसाचा विषय ‘आईला त्रास होईल’ म्हणून टाळला जातो आणि नेमका त्यानेच तिला त्रास होतो.

प्रश्न : माझ्या भावाला बारा वर्षांपूर्वी छिन्नमनस्कतेचे (स्किझोफ्रेनियाचे) निदान झाले. आई-वडील गेले, मी अविवाहित असून त्याला एकटी सांभाळते. तो औषध घेतो आणि एका गॅरेजमध्ये अर्धा दिवस काम करतो. आपल्याकडे कुटुंबसंस्था असल्याने असे रुग्ण परदेशापेक्षा लवकर सावरतात, असे मी अनेकदा ऐकते. हे खरे आहे का? आणि लोकांना आजाराचे नाव काय सांगावे? तो शब्द उच्चारला की समोरचा माणूस दोन पावले मागे सरकतो.

उत्तर : आपण ऐकलेल्या विधानाला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत या आजाराचा अभ्यास सुरू केला. भारतातील केंद्र आग्रा होते. दोन आणि पाच वर्षांनी पुन्हा पाहिले असता आग्रा आणि नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची स्थिती श्रीमंत देशांतील रुग्णांहून चांगली होती. कुटुंबाचा आधार, शेतीवाडीत जमेल तेवढे काम करण्याची सोय, आणि ‘आता हा कायमचा असाच’ असे न मानण्याची वृत्ती ही त्याची कारणे सांगितली गेली. पुढे २००८ मध्ये काही संशोधकांनी, ज्यांत भारतीयही होते, या निष्कर्षावर गंभीर शंका घेतल्या: उपचारच न मिळालेले, घरात कोंडलेले, लग्न मोडलेले किंवा अकाली मेलेले रुग्ण या चित्रात कितपत येतात, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या देशाच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उपचाराविना होते. म्हणून ‘आपल्याकडे कुटुंब आहे’ हे वाक्य मला अपुरे वाटते. कुटुंब म्हणजे व्यवहारात कोण, हे त्यात येत नाही. तुमच्या घरी ते एकट्या तुम्ही आहात.

कुटुंबाला उपचारात मानाची जागा देणारे काम आपल्याकडे झाले आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला लावले, त्यांना आजार समजावून सांगितला. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले आणि आजाराची भीतीही ओसरू लागली. त्यांनी नातेवाइकांकडे फुकटचे मनुष्यबळ म्हणून पाहिले नाही, त्यांनाही आधार लागतो हे ओळखले. आपणही तो मागावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या जिल्हा रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात नातेवाइकांच्या गटाची चौकशी करा, भावाचे अपंगत्व प्रमाणपत्र काढले नसेल तर काढा, आणि २०१७ च्या कायद्यानुसार भावाच्या संमतीने आपल्याखेरीज आणखी एका विश्वासू माणसाचे नाव पुढच्या निर्णयांसाठी लिहून ठेवा. आपण आजारी पडलात तर काय, याचे उत्तर कागदावर हवे.

आता शब्दाविषयी. ‘छिन्नमनस्कता’ हे ‘स्किझोफ्रेनिया’ या मूळ ग्रीक घडणीच्या शब्दाचे भाषांतर आहे. छिन्न म्हणजे तुटलेले. जपानी भाषेतही अगदी असेच, ‘मन दुभंगण्याचा आजार’ अशा अर्थाचे नाव होते. ते इतके भयंकर वाटे की डॉक्टरच रुग्णांना सांगायचे टाळत. रुग्णांच्या कुटुंबांच्या संघटनेने मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये जपानच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नाव बदलून ‘एकसूत्रता बिघडण्याचा आजार’ अशा अर्थाचे केले. त्या वर्षी सुमारे ३७ टक्के रुग्णांना आपले निदान सांगितले गेले होते. दोनच वर्षांत ते प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर गेले. मराठीने अजून असे काही केलेले नाही, आणि मला वाटते आपल्या मनोविकारतज्ज्ञांनी, संपादकांनी व रुग्णांच्या कुटुंबांनी मिळून हे काम हाती घ्यायला हवे.

तोपर्यंत आपण ‘स्किझोफ्रेनिया’ हाच शब्द वापरावा, कारण त्यात निदान तुटण्याचे चित्र मराठी कानाला दिसत नाही. मात्र तो एकटा उच्चारू नये. ‘त्याला स्किझोफ्रेनिया आहे, बारा वर्षे औषध चालू आहे आणि सकाळी गॅरेजमध्ये कामाला जातो,’ असे पूर्ण वाक्य सांगावे. आणि कोणाला सांगायचे, कोणाला नाही, हे आधी भावाला विचारावे.